'जाडी' आणि 'क्षमता' : विद्युत्‌वाहकांविषयीच्या मराठी गद्याचे परीक्षण

तांत्रिक गद्याचा विचार करताना आपल्याकडे बहुधा एकच प्रश्न पुढे येतो : संज्ञा शुद्ध आहे की नाही? १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून परिभाषेवर जे परिश्रम झाले, त्यांचे मोल कमी नाही. तथापि संज्ञा निर्दोष असूनही वाक्य सदोष असू शकते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत ई-रिक्षा व सौरसंच यांच्या बॅटऱ्या जोडणाऱ्या कारागिराला तांब्याची तार कशी निवडावी हे सांगणारे मराठी गद्य या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. कारण येथे भाषेतील दोषाचे पर्यवसान वितळलेल्या आवरणात, प्रसंगी आगीत होते.

प्रथम 'जाडी' हा शब्द घेऊ. 'प्रवाह दुप्पट, तर तार दुप्पट जाड' हे वाक्य कानाला सरळ वाटते. परंतु तारेचा रोध काटछेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्यास दुप्पट झाला की तांबे चौपट होते. शिवाय जाडी बोटांनी चाचपली जाते, आणि बोटांना तांब्याबरोबर आवरणही लागते. कारागिराची 'सात-वीस' ही संज्ञा अधिक नेमकी होय. २० गेजच्या सात तारा असा तिचा अर्थ. प्रत्येकीचा व्यास ०.९१४ मि.मी., म्हणून एकूण क्षेत्रफळ सुमारे ४.६ चौ. मि.मी. हे तिच्यावरून काढता येते. मात्र गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. त्यामुळे 'जास्त गेजची तार' हा प्रयोग टाळलाच पाहिजे. 'स्क्वेअर एमएम' हा परका शब्द क्षेत्रफळाचाच निर्देश करतो. येथे तो 'जाडी'पेक्षा सरस ठरतो.

दुसरा विचार उपमेचा. 'विद्युतधारा' या संज्ञेतच पाणी आहे, आणि लेखक त्याला नळाची जोड देतात. अरुंद नळातून पाणी कमी येते, एवढे या उपमेने कळते. परंतु अरुंद नळ तापत नाही, अरुंद तार तापते. ई-रिक्षाच्या मोटारीस नियमाने २००० वॅटची मर्यादा आहे. ४८ व्होल्टच्या बॅटरीवर त्या शक्तीसाठी सुमारे ४२ अँपिअर लागतात. जाण्यायेण्याची मिळून ४ मीटर 'सात-वीस' तार वापरल्यास तीत सुमारे २६ वॅट उष्णता निर्माण होते, १६ चौ. मि.मी.च्या तारेत ८ वॅटही होत नाही. चढावर प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट, म्हणजे पहिल्या तारेत शंभर वॅटच्या वर जाते. नेमकी ही वर्गाची वाढ नळाच्या उपमेत दडून राहते.

तिसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. 'या तारेची क्षमता १०० अँपिअर' या वाक्यात क्षमता हा तारेचा अंगभूत गुण भासतो. वस्तुतः तो तार, आवरण आणि सभोवतालची हवा यांमधील संबंध आहे. पीव्हीसीचे आवरण ७० अंशांपर्यंतच टिकाऊ समजतात. तक्ता ३० अंशांच्या हवेसाठी असेल, तर तापण्यास ४० अंशांची सवड मिळते. चंद्रपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत ती २५ अंशच उरते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्याने १०० अँपिअरची तार येथे सुमारे ७९ अँपिअरचीच मानावी लागते. म्हणून 'अमुक तापमानाच्या हवेत' ही अट तळटीपेत नव्हे, मुख्य वाक्यात आली पाहिजे.

एटापल्ली, भामरागड या तालुक्यांत अनेक वाचकांची मातृभाषा माडिया वा गोंडी आहे. मराठी ही त्यांची शिकलेली भाषा. गाळलेली अट मनाने भरून घ्यावी, अशी अपेक्षा त्यांच्याकडून करणे अन्यायाचे होईल. आपल्या विभागांतील अभ्यासकांनी तांत्रिक गद्यास 'शुद्ध' म्हणण्यापूर्वी एक साधी कसोटी लावावी : केवळ ते वाक्य वाचून, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात चालेल अशी तार कारागिराला निवडता येते काय? तसे होत नसेल, तर ते वाक्य शुद्ध असले तरी अपुरे आहे.