बालकवितेची उमेदवारी : रामाकोन्याच्या निमित्ताने

ज्यांना मोठ्यांची कविता साधत नाही, त्यांनी आधी मुलांसाठी लिहून हात बसवावा, असा एक समज आपल्याकडे बराच रूढ आहे. बालकविता म्हणजे काव्याची पहिली इयत्ता, असे त्यामागचे गृहीत. वाङ्मयेतिहास मात्र याच्या उलट साक्ष देतो. विंदा करंदीकरांचे ‘स्वेदगंगा’ (१९४९), ‘मृद्‌गंध’ (१९५४) आणि ‘धृपद’ (१९५९) हे तीन संग्रह येऊन गेल्यावर १९६१ साली त्यांची ‘राणीची बाग’ आली. मुक्तछंदापासून सुनीतापर्यंतचे सारे प्रयोग केलेला कवी त्यानंतर मुलांकडे वळला आणि पुढे अनेक वर्षे तिकडे पुनःपुन्हा येत राहिला. तेव्हा बालकविता ही उमेदवारीची जागा नव्हे. तिची स्वतःची अशी उमेदवारी करावी लागते. ती कशी करावी, याचा विचार आम्ही येथे एका विशिष्ट गावाच्या निमित्ताने करू इच्छितो.

ते गाव म्हणजे सौंसर तालुक्यातील रामाकोना. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी भाषेचे चित्र तेच आहे. घरात नागपुरी वळणाची मराठी, शाळेत मुख्यतः हिंदी. महाराष्ट्रातील मुलाला मराठी कविता पाठ्यपुस्तकातून अनायासे भेटते. येथील मुलाच्या हाती आलेली मराठी बालकविता ही कदाचित त्याने वाचलेली पहिली छापील मराठी असेल, आणि ती नीरस निघाली तर शेवटचीही. म्हणून येथे बालकविता लिहू पाहणाऱ्यावरची जबाबदारी अधिक मोठी आहे.

एका अक्षराचे उदाहरण घेऊ. हिंदीच्या शालेय वर्णमालेत ‘ळ’ नाही. घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडी ‘पोळा’ असतो. काहींच्या बोलीत ‘ळ’ हा ‘य’कडे झुकतो आणि ‘पोया’ ऐकू येतो. हिंदी छापील मजकुरात तोच सण ‘पोला’ होतो. एकाच सणाची ही तीन रूपे मूल एकाच आठवड्यात अनुभवते. आता कवीने काय करावे? शुद्धलेखनाचा धडा कवितेत घालावा की बोलीलाच प्रमाण मानावे? आमच्या मते, या पेचातून वाट काढण्याचे काम यमक करते. ‘पोळा’, ‘डोळा’, ‘सोळा’ हे शब्द प्रमाण उच्चारात जुळतात. ‘पोया’, ‘डोया’, ‘सोया’ असे म्हटले तरी जुळतातच. यमक एकट्या शब्दात नसते, शब्दांच्या नात्यात असते, आणि ते नाते बोलीतही अभंग राहते. कागदावर ‘ळ’ ठेवावा, मुलाच्या तोंडी जे येईल ते येऊ द्यावे. चार वेळा म्हटल्यावर डोळा अक्षराला आणि कान नात्याला सरावतो. नवोदितांच्या बालकवितेत मात्र बहुधा केवळ डोळ्यांचे यमक असते. मोठ्याने म्हणताच ते ढासळते.

हीच गोष्ट तालाची. मराठी बालगीताचा मोठा भाग आठ मात्रांच्या आवर्तनावर उभा आहे. मूल मात्रा मोजत नाही, टाळी वाजवते. आणि टाळी कुणाची भीड ठेवत नाही. ओळ कमी पडली म्हणून ‘छान छान’, ‘रे’, ‘गं’ असे भरताड घातले, की मुलाची टाळी चुकते आणि ते कविता सोडून देते. तालाचे शिक्षण छंदःशास्त्राच्या पुस्तकातून घ्यावे हे खरेच; परंतु विदर्भाकडे त्याची घरची शाळाही आहे. पोळ्याला म्हटल्या जाणाऱ्या झडत्या पाहाव्यात. एकाने झडती फेकायची, दुसऱ्याने तिला तोडीस तोड उत्तर द्यायचे. त्यात थट्टा असते, गावचा हिशेब असतो आणि शेवटी सर्वांचा एकच गजर. भुलाबाईच्या गाण्यांत एका गोष्टीतून दुसरी निघत जाते आणि अखेर झाकलेली खिरापत ओळखायची असते. सवाल-जवाब, साखळी, कोडे हे बालकवितेचे तीन भक्कम साचे या गाण्यांत सिद्धच आहेत. त्यांची नक्कल नको. त्यांची रचना समजून घ्यावी.

ताल सापडला तरी कवितेत वस्तू हवी. सौंसर-पांढुर्ण्याचा भाग संत्र्यांचा. आमच्या वाचनात येणाऱ्या बालकवितांतील संत्रे बहुधा ‘गोल गोल’ आणि ‘गोड गोड’ असते. ते मुंबईच्या मुलाचेही असू शकते. बगीच्यात वाढणाऱ्या मुलाला याहून कितीतरी अधिक ठाऊक असते. बहार धरण्यासाठी झाडाला ताण देतात, म्हणजे त्याचे पाणी तोडतात. आणि तहानलेल्या झाडाला नंतर पाणी मिळाले की ते फुलते. एक बहार आंबिया, दुसरा मृग. पाणी तोडल्याने झाड फुलावे, ही मुलाला बुचकळ्यात टाकणारी गोष्ट आहे, आणि कवितेचा जन्म अशाच बुचकळ्यात होतो.

अखेरचा आणि सर्वांत अवघड धडा उपदेशाचा. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक काढले, तेव्हा मुलांच्या वाङ्मयाने बोध करावा ही काळाचीच अपेक्षा होती. पुढे दत्त कवींचे अंगाईगीत आले. ते बाळाला उद्देशून असले तरी त्यातले घरच्या दैन्याचे दुःख मोठ्यांचे आहे. मुलाविषयीची कविता आणि मुलासाठीची कविता यांतला हा भेद नवोदिताने पुरता ओळखला पाहिजे. वात्सल्य ही मोठ्यांची भावना आहे. ‘चिमुकले’, ‘इवलेसे’ ही विशेषणे मूल स्वतःला कधीच लावत नाही.

मग मुलांपासून कठोर वास्तव लपवावे काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात, घरोघर बोजारा मागतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव परस्परांवर दगड फेकतात, माणसे जखमी होतात, काहींनी जीवही गमावला आहे. रामाकोन्याच्या मुलापासून हे लपलेले नाही. ‘दगड मारू नये’ एवढे सांगणारी कविता घोषणा होईल, आणि मूल ती प्रार्थनेनंतर विसरेल. करंदीकरांनी ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’मध्ये (१९८१) भीतीलाच घरातल्या माणसासारखे वागवले. भीती नाकारली नाही, तिला खेळात घेतले. नदीतल्या गोट्याला उडायचेच नसेल तर तो काय काय सबबी सांगेल, असा प्रश्न कवीने धरला आणि शेवटपर्यंत त्याच्याच तर्काने चालला, तर निवाडा न देताही मूल योग्य त्या जागी पोहोचेल. अद्भुताला शिस्त लागते, ती ही.

सीमेवरच्या कवीला आणखी एक लाभ आहे. भोपाळहून १९८५ पासून निघणारे ‘चकमक’ हे हिंदी मासिक त्याच्या हाताशी आहे. त्यातील ‘मेरा पन्ना’त मुलांनीच लिहिलेला मजकूर येतो, मूल खरोखर कशावर विचार करते, हे तेथे दिसते. महाराष्ट्रात १९७१ साली सुरू झालेले ‘किशोर’ आणि हे मासिक शेजारी ठेवून वाचावे. हिंदीशी वैर धरून मराठी बालकविता तगणार नाही. हिंदीत जे मिळते त्याहून उणे दिले, तरीही तगणार नाही.

मराठी टिकावी म्हणून मुलांनी कविता वाचाव्यात, हे म्हणणे आम्हांला उलटे वाटते. मुलाने आपणहून ‘पुन्हा म्हण’ म्हटले पाहिजे. त्या दोन शब्दांसाठी लिहिणाऱ्याने जी मेहनत करायची, तीच बालकवितेची उमेदवारी. आणि मराठी टिकलीच तर ती त्या ‘पुन्हा’मुळेच टिकेल.