बारा रुपयांचे मास्तर

जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे केलेले निवेदन पुष्कळांना ऐकून माहीत असते, वाचलेले मात्र थोड्यांनीच असते. १९ ऑक्टोबर १८८२ चे हे निवेदन इंग्रजीत आहे. त्याची आठवण निघते ती सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी. मला त्यातला मास्तरांविषयीचा भाग अधिक मोलाचा वाटतो.

फुले नुसती तक्रार करीत नाहीत, नेमके सांगतात. मास्तर बहुतेक ब्राह्मण, त्यांत ट्रेनिंग कॉलेजातून तयार झालेले थोडे, आणि पगार तुटपुंजा. म्हणून होता होईल तो शेतकरी वर्गातून मास्तर तयार करावेत, त्यांना शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे, पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावी १५ ते २० असावा. डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एकच फेरी त्यांना पुरेशी वाटत नाही. निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, आणि मधूनमधून न कळवताही यावे, असे ते सुचवतात.

दोन ठिकाणी मात्र मन अडते. मास्तरांचा मान वाढावा म्हणून गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, पोस्ट अशी कामे त्यांच्याकडे सोपवावीत, असे ते म्हणतात. हेतू चांगला, पण ज्याने वर्ग सांभाळला आहे त्याला विचारा: असली कामे शिकवण्याचाच वेळ खातात. दुसरे असे की, सावित्रीबाईंसारखी शिक्षिका घरात असताना स्त्रीशिक्षणाची मागणी शेवटी अगदी थोडक्यात उरकली आहे. मुलींना शिकवायला शिक्षिका कशा तयार करायच्या, याची योजनाच नाही.

तरीही निवेदनाचा गाभा टिकून आहे. मुलांत मोकळेपणाने मिसळणारा, त्यांच्या घरची गरज ओळखणारा मास्तर हवा, ही त्यांची खरी कसोटी. तिचा अर्थ मास्तर मुलांच्याच जातीचा हवा, एवढाच घेतला तर ती तोकडी पडते. कोकणातल्या शनवार तेल्यांची मुले मिशनच्या शाळांत शिकली आणि त्यांतली काही पुढे मास्तर झाली. पुढे रिबेका रूबेन यांनी मुंबईची आपली शाळा १९२२ पासून जवळजवळ तीन दशके सांभाळली. परक्या वस्तीतल्या मुलाचे घर समजून घेता येते. त्यासाठी मास्तरला शिकवावे लागते, आणि पोटापुरता पगारही द्यावा लागतो. फुल्यांनी सरकारला १४० वर्षांपूर्वी हेच बजावले होते. आपल्या नातवंडांच्या शाळेकडे पाहतानाही हीच कसोटी लावावी.