फायरवॉलचे नियम वाचता येतात, पण हेतू?

लॅबचं नेटवर्क सांभाळायची वेळ कधी ना कधी तुमच्यावरही येईल. माझ्यावर आली तेव्हा हातात पडली एक फाइल. विद्यार्थ्यांचे लॅपटॉप आणि उपकरणांचे संगणक यांच्यामधल्या लिनक्स गेटवेवरचे नियम होते त्यात, एका सीनियरने लिहिलेले. स्पेक्ट्रोमीटरच्या जुन्या संगणकाकडे लॅपटॉपवरून जायला बंदी होती; पण तिच्याच वरच्या ओळीत ‘लॅबमधून सगळ्यांना परवानगी’! आयपीटेबल्स नियम वरून खाली तपासतं आणि परवानगी किंवा नकार देणारा पहिला नियम जुळला की थांबतं. म्हणजे खालची बंदी नुसती शोभेची.

त्या वेळी अविशाई वूल यांचा २००४ चा शोधनिबंध वाचला. त्यांनी ३७ फायरवॉलचे नियमसंच घेऊन १२ प्रकारच्या चुका शोधल्या. नियमसंच जितका गुंतागुंतीचा, तितक्या चुका जास्त, हा मुख्य निष्कर्ष. २०१० च्या मोठ्या अभ्यासातही तो टिकला. निबंध जरूर वाचा, पण तीन प्रश्न सोबत ठेवा.

पहिला, नमुना कुठला? फायरवॉल तपासून घेणाऱ्या संस्थांचा. तो यादृच्छिक नाही, त्यामुळे ‘सगळीकडे असंच असतं’ असं म्हणता येत नाही.

दुसरा, मोजलं काय? गुंतागुंत म्हणजे नियमांची संख्या, अधिक ऑब्जेक्टची संख्या, अधिक इंटरफेसच्या जोड्या. आता गंमत बघा. उपकरणांसाठी वेगळा विभाग केला आणि इंटरफेस ३ चे ४ झाले, तर जोड्या ३ च्या ६ होतात. सुरक्षा वाढवली, तरी आकडा वाढला! उलट ‘सगळ्यांना परवानगी’ या एकाच नियमाचा आकडा सगळ्यात कमी. वूल यांना हे अभिप्रेत नाही. नव्या विभागासाठी वेगळी छोटी फायरवॉल बसवा, असं ते सुचवतात. पण घाईत वाचणारा ‘नियम कमी म्हणजे सुरक्षित’ एवढंच घेऊन जातो.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: काय मोजताच येत नाही? सर्वमान्य शिस्त मोडणाऱ्या चुका फाइलमध्ये दिसतात. पण ती परवानगी सीनियरने एका रात्रीच्या डेटासाठी दिली होती की कायमची, हे फाइल सांगत नाही. मीही ती ओळ काढायला आठवडाभर घाबरत होतो. काही बंद पडलं तर?

म्हणून नियम टाइप करण्याआधी एक साधा तक्ता करा: कोणाकडून, कुठे, कोणत्या पोर्टवर, कशासाठी, कधीपर्यंत. मग नेमक्या परवानग्या वर आणि शेवटी सरसकट नकार. त्यानंतर लॅपटॉपवरून स्वतः जोडून बघा. बंदी आहे तिथे खरंच अडतं का? नियमाचा पॅकेट-काउंटर शून्य असेल, तर कोणी आलंच नसेल किंवा वरच्या नियमाने आधीच सोडलं असेल. दोन्ही शक्यता तपासा.

आकडा वाचताना तो कशाचा नाही हेही विचारायची सवय लावा. पुढे थिसिसलाही तीच उपयोगी पडेल.