नळ स्टॉपचा तळमजला

कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपच्या चौकात उभं राहून मान वर केली, की पुण्याचं गेल्या वीस वर्षांचं वाहतूक-धोरण एकाच खांबावर वाचता येतं. सगळ्यात वर मेट्रो. तिच्या खाली, त्याच खांबांच्या आधारानं, मोटारी आणि दुचाक्यांचा उड्डाणपूल. आणि त्याच्याही खाली, पुलाच्या सावलीत, उरलेलं सगळं: सिग्नल, रिक्षा, पीएमटी, हातात भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडू पाहणारी माणसं. आपण पुस्तकांचं, नाटकांचं परीक्षण करतो. ज्यांच्याखालून रोज जावं लागतं त्या बांधकामांचं मात्र करत नाही. त्यांच्याबद्दल एकतर कौतुकाच्या बातम्या येतात नाहीतर शिव्या. म्हणून मी हा खांब जरा नीट वाचायचं ठरवलं.

वाचायला लागल्यावर पहिल्यांदा जाणवते ती विसंगती. वरचा मजला म्हणतो, ‘गाडी घरी ठेवा, मेट्रोनं या.’ मधला म्हणतो, ‘गाडीनंच या, आम्ही सिग्नल काढून टाकलाय.’ ही दोन विधानं एकाच सिमेंटमध्ये ओतलेली आहेत. त्यातही क्रम बघण्यासारखा आहे. उड्डाणपूल डिसेंबर २०२१मध्ये सुरू झाला आणि वनाझ ते गरवारे कॉलेज ही मेट्रो ६ मार्च २०२२ला. मेट्रोनं आपलं म्हणणं मांडायच्या आधीच तिच्या खालच्या मजल्यानं उत्तर देऊन ठेवलं होतं.

यावर अभियंत्यांचा एक सरळ युक्तिवाद आहे आणि तो चुकीचा नाही. खांब उभारायचेच आहेत, रस्ता खणायचाच आहे, तर एकाच खर्चात आणि एकाच त्रासात पूलही करून घ्यावा. कर्वे रस्त्यासारख्या अरुंद, दाट रस्त्यावर पुन्हा वेगळा पूल बांधायला जागा मिळणार नाही, हेही खरं. पण हा युक्तिवाद ‘कसं बांधायचं’ याचं उत्तर देतो. ‘का बांधायचं’ हा प्रश्न त्यात आधीच सुटलेला धरला आहे. जोडधंदा स्वस्तात होतोय म्हणून तो मूळ धंद्याच्या मुळावर येणार नाही, असं थोडंच आहे?

पूल सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्या टोकांना वाहनं तुंबत असल्याच्या बातम्या आल्या. त्यात आश्चर्य काहीच नव्हतं. पूल एका चौकातला थांबा काढून टाकतो, पण पुढच्या सिग्नलमधून मिनिटाला जेवढी वाहनं सुटतात तेवढीच सुटत राहतात. आधी चौकात असलेली रांग पाचशे मीटर पुढे सरकते. हौद भरून वाहत असेल तर मध्येच मोठा पाइप जोडून उपयोग नसतो, एवढं आपल्याला घरातल्या नळावरून कळतं. नळ स्टॉपवरूनही कळायला हरकत नव्हती.

पुण्याला हे शिकवणारा याहून मोठा धडा विद्यापीठ चौकात होऊन गेला आहे. आचार्य आनंदऋषीजी चौक असं अधिकृत नाव असलेल्या या चौकात २००६-०७च्या सुमारास उड्डाणपूल उभे राहिले. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो तिथून जायची ठरली, तेव्हा या पुलांमध्ये तिचे खांब बसेनात. २०२०च्या जुलैमध्ये, टाळेबंदीच्या काळात, पूल पाडले. बांधकाम पुरतं पंधरा वर्षांचंही झालं नव्हतं. आणि त्या जागी काय आलं? दुमजली रचना: वर मेट्रो, मधे उड्डाणपूल. चूक पाडली आणि तिचीच सुधारित आवृत्ती काढली. प्रकाशनव्यवसायात अशा वेळी निदान प्रस्तावनेत दोन ओळी तरी लिहितात.

२००६ हे वर्ष मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी केंद्र सरकारचं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आलं. रस्त्यांची आखणी वाहनं हलवण्यासाठी नको, माणसं हलवण्यासाठी हवी, हे त्याचं मुख्य सूत्र. त्याच वर्षाच्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर पुण्याची बीआरटी सुरू झाली. देशातला तो पहिला प्रयोग मानला जातो. म्हणजे एकाच सुमारास शहर एका हातानं बससाठी मार्गिका आखत होतं आणि दुसऱ्या हातानं गाड्यांसाठी पूल. नळ स्टॉपचा खांब ही त्या दोन हातांची बेरीज आहे. पंधरा वर्षांत शहरानं दोन्हींपैकी एकही गोष्ट निवडली नाही; त्यांना एकावर एक ठेवलं, एवढंच.

बीआरटीचं पुढे काय झालं ते पुणेकरांना माहीत आहे. बसला स्वतंत्र मार्गिका हवी असते ती जिथे गर्दी आहे तिथे. आपल्याकडे ती मार्गिका नेमकी चौकांत, पुलांच्या तोंडाशी, अरुंद पट्ट्यांत तुटायची आणि जिथे रस्ता आपसूकच मोकळा आहे तिथे पुन्हा सुरू व्हायची. बसथांबा रस्त्याच्या मधोमध, पण तिथवर सुरक्षित पोचायची सोय अपुरी. मार्गिकेत दुचाक्या शिरायच्या. मग ‘बीआरटीमुळे कोंडी होते’ असं म्हटलं जाऊ लागलं आणि नगर रस्त्यावरची, २०१६मध्ये सुरू झालेली बीआरटी अलीकडे उखडून टाकण्यात आली. गंमत अशी, की नदीपलीकडे पिंपरी-चिंचवडमध्ये, निगडी-दापोडी आणि औंध-रावेत रस्त्यांवर, त्याच पीएमपीएमएलच्या बस बीआरटीतून धावतात. तेव्हा कल्पनाच आपल्याला मानवत नाही, हे म्हणणं टिकत नाही. रस्त्याची रुंदी हे एक कारण आहेच. दुसरं, माझ्या मते, आपल्या भाषेत आहे.

‘कोंडी’ हा शब्द घ्या. बातम्यांत ती ‘फुटते’, ‘फोडली जाते’, तिच्यातून ‘नागरिकांना दिलासा’ मिळतो. शब्दाला लढाईचा वास आहे: कोणीतरी आपल्याला कोंडून ठेवलंय आणि पूल म्हणजे वेढा फोडून बाहेर पडायची वाट. पण कोंडी होते ती चाकावर बसलेल्याची. गाडी सिग्नलला तीन मिनिटं थांबली तर ती कोंडी. तोच माणूस थांब्यावर अर्धा तास उभा असेल तर त्याला शब्द नाही. तो फक्त ‘वाट पाहतो’. पहिली सार्वजनिक समस्या, दुसरा खाजगी संयम. पहिलीसाठी निविदा निघते. दुसऱ्याचा हिशेबच होत नाही.

वास्तविक हिशेब अवघड नाही. बस दर दहा मिनिटांनी येत असेल तर प्रवासी सरासरी पाच मिनिटं थांबतो आणि वेळापत्रक न बघता घराबाहेर पडू शकतो. ती चाळीस मिनिटांनी येत असेल आणि त्यातही नक्की कधी ते सांगता येत नसेल, तर त्याला पूर्ण चाळीस मिनिटं हाताशी ठेवावी लागतात. शिवाय बसला एक खोड असते. वाहनांच्या गर्दीत एक बस उशिरा पोचली, की थांब्यावर जास्त माणसं साठलेली असतात. त्यांना चढवता चढवता तिला आणखी उशीर होतो. मागच्या बसला माणसंच मिळत नाहीत आणि ती पुढचीला गाठते. म्हणून बऱ्याच वेळानं दोन बस एकामागून एक येतात. आपण चालक-वाहकांवर वैतागतो. पण रस्त्यावर बसला जागा राखून ठेवली नाही, तर जगातल्या कुठल्याही शहरात हेच होणार.

आणि बस मुळात किती? पीएमपीएमएलकडे गेली काही वर्षं ढोबळमानानं दोन हजार बस आहेत. २०११च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची मिळून लोकसंख्या ४८ लाखांच्या घरात होती. त्यानंतर शहर फुगलं, २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावं पुण्याच्या हद्दीत आली. गावं एका अधिसूचनेनं येतात. बसचा मार्ग तसा येत नाही. तरीही रोज दहा लाखांच्या आसपास माणसं या बसनं जातात. मेट्रोचे प्रवासी त्याच्या पाव हिश्शालाही पोचलेले नाहीत. पण शहराच्या जाहिरातींत, पुढाऱ्यांच्या भाषणांत, दिवाळीतल्या फ्लेक्सवर छायाचित्र असतं ते मेट्रोचं.

मेट्रोला नावं ठेवायचा माझा इरादा नाही. तीन डब्यांची एक गाडी भरली की साडेनऊशेच्या आसपास माणसं नेते. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, तर तेवढ्या माणसांना सहाशेहून जास्त मोटारी लागतील. त्यांची रांग लावली तर ती नळ स्टॉपच्या पुलावर मावणारसुद्धा नाही. वरचा मजला मधल्या मजल्याचा असा पराभव रोज करू शकतो. तो होत नाही याचं कारण तळमजल्यावर आहे. माणूस मेट्रो स्टेशनात राहत नाही. त्याला तिथवर यावं लागतं आणि उतरल्यावर पुढे जावं लागतं. वनाझ ते गरवारे या टप्प्याचं तिकीट सुरुवातीला २० रुपये होतं. दोन्ही टोकांना रिक्षा करायची म्हटली, तर किमान भाड्याचे २५ आणि २५ मिळून ५० रुपये वर. मूळ प्रवासाच्या अडीचपट खर्च त्याच्या शेपटांवर. या शेपटाला आपले नियोजक ‘लास्ट माईल’ म्हणतात. नावातच ते शेवटी टाकलंय. बसनं किंवा पायी जाणाऱ्याच्या दृष्टीनं तो पहिला मैल असतो, आणि तो जमला नाही तर पुढचा प्रवास होतच नाही.

डेक्कन आणि संभाजी उद्यान या मेट्रो स्थानकांचा आकार पुणेरी पगडीसारखा केला आहे. त्यावर विनोद करून झाले आहेत, मला वेगळंच खटकतं. पगडी दिसते ती लांबून, नदीपात्रातून, पुलावरून, छायाचित्रातून. जिन्यानं उतरणाऱ्याला दिसतो तो फुटपाथ. स्थानकाचं सौंदर्यशास्त्र कुणाच्या डोळ्यांसाठी आहे, हा प्रश्न समीक्षकानं विचारायलाच हवा. जंगली महाराज रस्त्यावर याच महापालिकेनं रुंद फुटपाथ, बसायला बाक, झाडांना जागा असं नीट काम करून दाखवलं आहे. २०१६मध्ये तिनं पादचारी धोरणही मंजूर केलं. येतं सगळं. एका रस्त्यापुरतं येतं आणि मग नमुना म्हणून पाहुण्यांना दाखवायला राहतं.

एक आक्षेप मला माझ्याच घरातून ऐकू येतो: दुचाकीनं पुण्यातल्या बायकांना जे स्वातंत्र्य दिलं ते तुझ्या बसनं कधी दिलं का? नाही दिलं. पहाटेचा क्लास, रात्रीची शिफ्ट, मधेच शाळेतून मुलाला आणणं, सासूबाईंना दवाखान्यात नेणं हे सगळं स्कार्फ बांधून, अॅक्टिव्हाच्या भरवशावर झालं. त्या दुचाकीला मी चैन म्हणणार नाही. घरटी एक-दोन दुचाक्या म्हणजे बसविरुद्धचा अविश्वास ठराव आहे, आणि तो पुरेशा कारणानिशी मंजूर झालेला आहे. पण त्याची किंमत कोण देतं तेही पाहावं. ज्यांना गाडी चालवता येत नाही, परवडत नाही, किंवा वयोमानानं सोडावी लागली, ते. धुणीभांडी करायला चार सोसायट्यांत जाणारी बाई, पास काढून कॉलेजला येणारा मुलगा, पेन्शन घ्यायला निघालेले आजोबा. यांनी ठराव मांडलेला नाही, तो त्यांच्यावर लागू झाला आहे. आणि आपल्यापैकी प्रत्येक जण, गुडघे साथ देईनासे झाले की, त्यांच्यात सामील होणार आहे.

पुण्याच्या भूगोलात बस इतकी खोल मुरली आहे, की वस्त्यांची नावंच तिनं दिली आहेत. कोथरूड डेपो म्हटलं की डोळ्यांसमोर आख्खा परिसर येतो, डेपो दिसो वा न दिसो. नळ स्टॉपच्या नावात तर नळ आहे आणि स्टॉप आहे. दोन्ही माणसांनी थांबायच्या जागा. आज तिथे थांबलेला माणूस दोन मजल्यांच्या सावलीत उभा असतो आणि दोन्ही मजले त्याच्या डोक्यावरून जातात.

आपल्याकडे ‘वहिवाट’ असा एक शब्द आहे. शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षं माणसं जात राहिली, की त्या वाटेवर त्यांचा हक्क तयार होतो. मालकाला कुंपण घालता येत नाही. १९५०मध्ये पुणे महापालिका झाली तेव्हापासून पीएमटी या शहरातून चालते आहे. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांची ही वहिवाट कुठल्याच आराखड्यात ठसठशीत नोंदलेली नाही. नोंद करायची तर ती कागदावर भागणार नाही. रस्त्यावर पांढऱ्या पट्ट्यानं आखावी लागेल, चौकातही न तोडता. आणि थांब्यावरच्या पाटीवर मार्गांच्या क्रमांकाशेजारी लिहावं लागेल, की ही बस किती मिनिटांनी येते. तो आकडा एकदा सगळ्यांना दिसेल अशा जागी लागला, की पुढच्या उड्डाणपुलाच्या निविदेच्या वेळी निदान एक प्रश्न विचारता येईल: यानं पाटीवरचा आकडा कमी होणार आहे का?