अक्षर आणि श्वसनाचे स्नायू

भाषकाला अक्षरे सहज मोजता येतात. परंतु अक्षर म्हणजे काय, हे सांगणे ध्वनिशास्त्राला कठीण गेले आहे. मराठीत तर 'अक्षर' ही संज्ञा लिपिचिन्हालाही लागते व उच्चारघटकालाही. त्यामुळे घोटाळा अधिकच वाढतो. आर. एच. स्टेट्सन यांनी 'मोटर फोनेटिक्स' (१९२८) या ग्रंथात या प्रश्नाचे उत्तर थेट शरीरात शोधले. बरगड्यांमधील आंतर स्नायूंचा एक आघात म्हणजे एक अक्षर, असे त्यांचे प्रतिपादन होय.

ही व्याख्या लिपी वा अर्थ यांवर विसंबत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु तिचा आधार प्रामुख्याने छातीच्या हालचाली व हवेचा दाब यांच्या नोंदींचा होता. दाब हा स्वरयंत्रातील व मुखातील अडथळ्यांनीही बदलतो. परिणामावरून कारणाचे अनुमान करण्यात येथे घाई झाली.

एडिंबरो येथे लॅडेफोगेड, ड्रेपर व व्हिटरिज यांनी स्नायूंतील विद्युत्-क्रियाच नोंदविली (१९५८). दीर्घ श्वासानंतर फुप्फुसांचा स्थितिस्थापक दाब बोलण्यास लागणाऱ्या दाबाहून अधिक असतो. म्हणून आरंभी बाह्य स्नायू त्याला आवरून धरतात. हवा कमी होत गेली की आंतर स्नायू व शेवटी उदराचे स्नायू साहाय्यास येतात. आंतर स्नायूंच्या आघातांचा अक्षरांशी मात्र एकास एक मेळ बसला नाही. इंग्रजी 'पिटी'सारख्या शब्दात दोन अक्षरांना एकच आघात पुरतो, तर 'स्पोर्ट' या एकाक्षरी शब्दात दोन आघात आढळतात.

एडिंबरोचे चित्रही अंतिम नव्हे. उदराचे स्नायू केवळ शेवटी नव्हे, तर उभ्याने बोलताना बहुतांश काळ कार्यरत असतात, असे हिक्सन, मीड व गोल्डमन यांनी १९७६ मध्ये दाखविले. ही दुरुस्ती स्टेट्सन यांच्या पक्षाला मात्र बळ देत नाही.

असे असूनही ॲबरक्रॉम्बी यांनी १९६७ च्या पाठ्यग्रंथात अक्षराची उपपत्ती याच आघातांवर उभारली आणि भाषांच्या लयीचे वर्गीकरणही त्यांवरच आधारले. ते वर्गीकरण मराठीला लावू पाहणाऱ्या अभ्यासकाने त्याचा हा पाया आधी तपासावा. बलाघाताच्या पूर्वी आंतर स्नायूंची क्रिया वाढते, एवढे स्टेट्सन यांच्या विचारातून टिकते. अक्षराची व्याख्या टिकत नाही.