खाडीतील होडी : ‘एका कोळियाने’च्या निमित्ताने काही विचार

‘कोळी’ या शब्दाचा अर्थ मराठीत स्थळानुसार पालटतो. राजगुरुनगरच्या पश्चिमेस, भीमाशंकरच्या डोंगरांत, कोळी म्हणजे महादेव कोळी. भातखाचरे आणि रान यांवर निर्वाह करणारा डोंगरी माणूस. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर कोळी म्हणजे मासेमारी करणारा दर्यावर्दी. आणि शाळेतील एका जुन्या कवितेत कोळी म्हणजे पडूनही पुन्हा जाळे बांधणारा चिमुकला जीव. अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ (१९५२) या लघुकादंबरीचा पु. ल. देशपांडे यांनी १९६५ मध्ये अनुवाद केला, तेव्हा त्यास ‘एका कोळियाने’ हे नाव देऊन त्यांनी यांपैकी दोन अर्थ एकत्र आणले. नाव समर्पक आहे, यात शंका नाही. परंतु त्या नावाने वाचनाची दिशाही ठरविली. हा म्हातारा म्हणजे चिकाटीचा दृष्टान्त, असे मानूनच मराठी वाचक पुस्तक उघडतो. त्यामुळे होडीतील एकट्या मासेमाराकडे पराक्रमाच्या दृष्टीनेच पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. ही दृष्टी मराठी किनाऱ्यावरील वास्तवास कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मूळ कृतीकडे प्रथम पाहू. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला सांतियागो पंच्याऐंशीव्या दिवशी एकटाच निघतो. त्याचे धैर्य आपल्या लक्षात राहते. त्याचे काम मात्र आपण विसरतो. त्याने पाण्यात सोडलेले चार गळ चाळीस, पंच्याहत्तर, शंभर आणि सव्वाशे वाव खोलीवर आहेत. दोऱ्या सरळ उभ्या राहाव्यात याची तो जितकी दक्षता घेतो, तितकी इतर कोणी घेत नाही, असे त्यास वाटते. या नेमकेपणामुळेच पुढील हानीस वजन येते. आपण किनाऱ्यापासून फार दूर आलो, ही आपली चूक तो स्वतःच मान्य करतो. या कथेचे दुःख अशा रीतीने अंतराच्या चुकीतून जन्मते.

आता मराठी किनाऱ्याकडे वळू. खुल्या समुद्रावर डोल लावणारी कोळ्यांची नौका एकट्याची नसते. तीत तांडेल असतो, खलाशी असतात; यश आणि अपयश दोन्ही वाटून घेतली जातात. एकटा किंवा दुकटा माणूस लहान होडीत दिसतो तो मुख्यतः खाडीत, तिवर, कांदळ आणि चिप्पी यांच्या गर्दीत. हातात वल्हे वा काठी, सोबत पाग किंवा गळ. दक्षिण कोकणात कित्येक होड्यांना तोल सांभाळणारी उलांडी. त्याचे भक्ष्यही सांतियागोच्या माशासारखे अवाढव्य नसते. बोय, काळुंदर, चिंबोरी, चिखलावर उड्या घेणारी निवटी आणि दैव उघडलेच तर जिताडा.

या माणसाची कसोटी वेगळी आहे. भरतीच्या पाण्याबरोबर मासे खारफुटीच्या मुळांत चरावयास शिरतात आणि ओहोटीबरोबर ओहोळांच्या मुखाशी परततात. जाळे कोठे लावावे याइतकेच ते केव्हा लावावे, याला येथे महत्त्व असते. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, हा किनाऱ्यावरील जुना ठोकताळा. अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. त्यातही उधाणाची भरती निराळी आणि भांगाची निराळी. ज्याचा हिशेब चुकला त्याची होडी चिखलात रुतते आणि पुढील पाणी येईपर्यंत त्यास तेथेच बसावे लागते. समुद्रातील चूक अंतराची, तर खाडीतील चूक वेळेची आहे. या दोन चुकांतून एकाच घाटाची कथा निर्माण होणार नाही. एकीस झुंज हवी. दुसरीस जाण आणि प्रतीक्षा हवी.

या संदर्भात भाषेची साक्षही उद्‌बोधक आहे. सांतियागो समुद्राचा उल्लेख स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी करतो, तर यंत्राच्या होड्या बाळगणारे तरुण मासेमार त्यास पुल्लिंगी संबोधतात आणि प्रतिस्पर्धी समजतात. मराठीत समुद्र, सागर, दर्या हे तिन्ही शब्द पुल्लिंगी आहेत. म्हणजे म्हाताऱ्याचा समुद्र मराठीत आणणाऱ्या कोणत्याही अनुवादकाच्या हाती प्रथम त्या तरुणांचाच शब्द येतो. खाडी मात्र स्त्रीलिंगी आहे. तसेच भरती, ओहोटी आणि होडीही. देणारी आणि राखून ठेवणारी, असे जे पाण्याचे रूप सांतियागोच्या मनात आहे, त्यास जवळचा मराठी शब्द समुद्राकडे नसून खाडीकडे आहे. हा अनुवादाचा दोष नव्हे. पण त्या अनुवादाने समोर आणलेली ही शक्यता आपण पुढे चालविली नाही.

मराठी कादंबरीत खाडी नाही असे नाही. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) मध्ये जगबुडी सतत वाहते. ती ज्या खेडजवळून जाते ते रत्नागिरीचे. आपल्या राजगुरुनगरचे जुने नावही खेडच. परंतु त्या कादंबरीचा जीव खोतांच्या घराण्यात आणि जमिनीच्या सत्तेत आहे. मधु मंगेश कर्णिक यांच्या ‘माहीमची खाडी’ (१९६९) मध्ये खाडी शीर्षकातच आली. तेथे लेखकाचे लक्ष खाडीकाठच्या झोपडपट्टीतील माणसांवर आहे, आणि ते योग्यच आहे. दोन्ही कृती आपापल्या परीने मोठ्या आहेत. तथापि खाडीच्या पाण्यावरील श्रम हा दोहोंचाही विषय नव्हे.

तो विषय कादंबरीस पेलतो काय, या शंकेचे उत्तर सुंदरबनात मिळते. अमिताव घोष यांच्या ‘द हंग्री टाइड’ (२००४) मध्ये फोकिर हा निरक्षर मासेमार लहान होडीतून खेकडे पकडतो. पिया ही डॉल्फिनांची अभ्यासक. दोघांस एकमेकांची भाषा येत नाही. पियाला खोली मोजण्यासाठी सरळ रेषेत वारंवार ये-जा करावयाची असते. फोकिरलाही खेकड्यांची दोरी तपासण्यासाठी त्याच रेषेवरून जावे लागते. एका फेरीत दोघांचीही कामे साधतात. या प्रसंगात झुंज नाही, पराक्रम नाही. तरी कादंबरीतील सर्वांत खोल संवाद मला येथेच आढळतो. उलट, पुढे वादळात पियाला वाचविताना फोकिर मरतो, तेव्हा लेखक पुन्हा वीरमरणाच्या परिचित वाटेने जातो आणि कृती काहीशी सैल होते, असे माझे मत आहे.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, वाङ्मय म्हणजे मासेमारीची माहितीपुस्तिका नव्हे. आक्षेप रास्त आहे. नुसती जाळ्यांची नावे जमविल्याने कादंबरी होत नाही. परंतु श्रमाची रीत ही कथेच्या घाटाशी निगडित असते, हे वर दाखविले आहे. संतकवितेपासून होडी म्हणजे भवसागर तरण्याचे साधन, ही कल्पना आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, प्रबंधांतही होडी दिसताच ‘प्रतीक’ हा शब्द उमटतो. होडी कोण चालवितो आणि कोणत्या पाण्यावर, हे विचारण्यापूर्वीच तिचा अर्थ सांगून होतो.

हा केवळ अभ्यासपद्धतीचा प्रश्न नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खारफुटीच्या तोडीविरुद्ध आदेश दिले. २०२२ मध्ये ठाणे खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. वृक्षांची आणि पक्ष्यांची अशी नोंद झाली. कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडील इन्युइट शिकाऱ्यांची एकट्याची होडी. ती आता हौसेसाठी आपल्याही खाड्यांत फिरू लागली आहे. या सर्वांत पागवाल्याची जाण कोठे नोंदली जाणार? ती त्याच्या बोलीत आहे आणि त्याचा मुलगा दुसऱ्या धंद्यास गेला की ती त्याच्याबरोबर संपते.

पठारावरील विद्यार्थ्यास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. भीमाशंकरच्या पूर्वेस पडलेला पाऊस भीमेतून राजगुरुनगरवरून कृष्णेस मिळतो आणि तिच्या मुखाशी खारफुटीच्या वनात पोहोचतो. पश्चिम उतारावरील पाणी उल्हास नदीतून वसईच्या खाडीत जाते. आपल्या विभागातील एखाद्या अभ्यासकाने खाडीकाठच्या कथनांचा विषय घेतल्यास त्याने प्रथम भरतीची वेळ काढावयास शिकावे, एक पूर्ण पाणी होडीत काढावे, आणि मग ‘एका कोळियाने’ पुन्हा वाचावे. सांतियागोच्या चार दोऱ्यांची खोली त्या वेळी त्याच्या नजरेतून सुटणार नाही.