मातीचे शीतकपाट : एक परीक्षण

आजच्या गृहोपयोगी वस्तूंच्या रचनेत भाजलेल्या मातीचा पुरस्कार बहुधा तिच्या रंगासाठी केला जातो. परंतु या द्रव्याचा खरा गुण रंग नव्हे, सच्छिद्रता होय. साधारणतः १००० अंश सेल्सिअसच्या आत भाजलेल्या मातीत सूक्ष्म रंध्रे शिल्लक राहतात. त्यांतून पाझरणारे पाणी बाष्परूप होताना दर ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषून घेते. माठाचे सारे शास्त्र यात आले. त्याच मातीवर रोगणाचा लेप चढविला की केवळ शोभा उरते.

या दृष्टीने गुजरातेतील वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती यांनी २००१ च्या भूकंपानंतर सिद्ध केलेले विजेवाचूनचे शीतकपाट विचारार्ह ठरते. वरच्या कप्प्यातील पाणी बाजूंच्या भिंतींत झिरपते आणि आतील भाजीपाला थंड राहतो. द्रव्याचा गुणधर्म हेच येथे वस्तूचे कार्य झाले आहे. आकार मात्र विजेच्या शीतकपाटावरूनच उचललेला दिसतो. चौकोनी पेटी पत्र्याला सहज साधते. मातीच्या पेटीस वाळताना व भाजताना कोपऱ्यांशी तडे जाण्याचे भय असते. शिवाय ही शीतलता हवेच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात जे साधेल, ते कोकणच्या दमट हवेत उणे पडेल. तेव्हा त्याचा सरसकट पुरस्कार उचित नव्हे.

तथापि माठाची परंपरा शोभेच्या फळीवर न मांडता ती स्वयंपाकघरात कामास लावणे, हे या रचनेचे श्रेय निःसंशय मान्य केले पाहिजे.